नंदुरबारचा पिनकोड फोडूया: मूळ अवयव आणि आधारचा क्यूआर कोड

नंदुरबार शहराचा पिनकोड 425412. मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा, याचे मूळ अवयव पाडूया. म्हणजे ही संख्या फक्त मूळ संख्यांच्या गुणाकारात लिहायची. मूळ संख्या म्हणजे 1 आणि स्वतःशिवाय कशानेच भाग न जाणारी.

सुरुवात सगळ्यात लहान मूळ संख्येपासून. शेवटचा अंक सम आहे, म्हणून 2 ने भागा: 212706. परत 2 ने: 106353. आता विषम संख्या आली, 2 चं काम संपलं. अंकांची बेरीज 18, म्हणजे 3 ने भाग जाणारच: 35451, मग 11817, मग 3939, मग 1313. चार वेळा गेला! 1313 च्या अंकांची बेरीज 8, त्यामुळे 3 इथे थांबला. 5 ने जात नाही. 7 आणि 11 ने भागलं तर दोन्ही वेळा बाकी 4. 13 ने मात्र बरोबर 101.

101 ला कुठपर्यंत तपासायचं? फक्त 10 पर्यंत. त्याचे दोन अवयव पडले असते, तर दोन्ही 10 पेक्षा मोठे असूच शकत नाहीत, कारण 11 × 11 म्हणजेच 121 होतात. 2, 3, 5, 7 ने भाग जात नाही, म्हणून 101 मूळ. (शाळेत ही युक्ती घाईत उरकतात, पण सगळ्यात जास्त वेळ तीच वाचवते.)

425412 = 2² × 3⁴ × 13 × 101

आता हे अवयव उलट गुणून बघा, काही सेकंदांत पिनकोड परत येतो. गुणणं सोपं, फोडणं अवघड. याच फरकावर रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी 1977 मध्ये आरएसए पद्धत उभी केली.

देशातले पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 ला दिले गेले, ते आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात. आज आधारवरच्या सुरक्षित क्यूआर कोडमधल्या माहितीवर आरएसएची 2048 बिटची डिजिटल सही असते. तिच्यामागे 617 अंकी संख्या आहे, दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार. ते दोन अवयव सापडले तर खोटी सही करता येईल. पण 2020 मध्ये 250 अंकी संख्या फोडायलाच एका प्रोसेसर कोअरची साधारण 2700 वर्षं होतील एवढं काम लागलं, तेही आपल्यापेक्षा कितीतरी हुशार पद्धतीने.

म्हणून कोणी कार्डावरचं नाव एडिट करून प्रिंट काढली, तरी क्यूआरमधलं नाव त्याला बदलता येत नाही. भाडेकरूचं आधार बघताना साध्या स्कॅनरने नाही, आधारच्या अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करा. सही तेच तपासतं.