टाकी, पंप आणि मधला स्वल्पविराम

इंग्रजी मजकूर तपासताना मी तो आधी मोठ्यानं वाचत नाही. कॉमा स्प्लाइस कानाला सापडत नाही. उलट कान त्याला पाठीशी घालतो. दोन स्वतंत्र वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडली की इंग्रजी व्याकरण त्याला दोष मानतं, पण वाचताना तिथे छोटासा श्वास घेतला जातो आणि सगळं सुरळीत वाटतं. मराठी माणसाला तर जास्तच. ‘पाऊस आला, आम्ही थांबलो’ यात आपल्याला काही खटकत नाही, कारण क्रियापद शेवटी येऊन पहिलं वाक्य आपसूक मिटवतं. इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन जातं. वाक्य संपल्याचं चिन्हालाच सांगावं लागतं.

म्हणून हातात पेन्सिल. स्वल्पविराम दिसला की त्याच्या डावीउजवीकडची काळ दाखवणारी क्रियापदं अधोरेखित करायची, मग त्यांचे कर्ते शोधायचे. दोन्ही बाजू एकेकट्या वाक्य म्हणून उभ्या राहत असतील आणि मध्ये स्वल्पविरामाशिवाय काही नसेल, तर स्प्लाइस. पहिली बाजू ‘व्हेन’ किंवा ‘बिकॉज’नं सुरू होत असेल तर ती एकटी उभी राहत नाही, तिला सोडून द्यायचं. संगणकावर मी स्वल्पविरामापाठोपाठ आलेले ‘इट’, ‘धिस’, ‘दे’ शोधते. सर्वनाम मागच्या नामाला धरून असतं, त्यामुळे लिहिणाऱ्याला वाक्य अजून चालूच आहे असं वाटतं.

चकवतो तो ‘हाउएव्हर’. अर्थानं ‘बट’चा भाऊ, पण व्याकरणात क्रियाविशेषण. त्याला जागचा हलवून पाहावं. ‘द वॉटर, हाउएव्हर, वॉज सॉल्टी’ चालतं. ‘बट’ असा मध्ये सरकत नाही. जो सरकतो, तो दोन वाक्यं जोडू शकत नाही. ‘देअरफोर’ही त्यातलाच.

पकडणं एवढंच. दुरुस्तीला मात्र वेळ जातो. गावच्या पाणीपुरवठ्यावरच्या एका अहवालात वाक्य होतं : ‘द टँक वॉज एम्प्टी, द पंप वॉज रनिंग.’ मध्ये ‘सो’ घातला तर टाकी रिकामी म्हणून पंप लावलेला, म्हणजे सगळं नेहमीसारखं. ‘ऑल्दो’ घातला तर पंप चालू असूनही टाकी कोरडी, म्हणजे पाणी वाटेतच कुठेतरी जातंय. पहिल्या वाक्यात तक्रार नाही, दुसऱ्यात आहे. अर्धविराम टाकून मोकळं होता आलं असतं. घाईतल्या संपादकांचं ते लाडकं चिन्ह. त्यानं नियम पाळला जातो आणि प्रश्न तसाच राहतो. पूर्णविरामाचंही तेच. मी समासात प्रश्न लिहून पान परत पाठवलं. लेखिकेचं उत्तर आलं, की मुख्य जलवाहिनी फुटली होती. मग ‘ऑल्दो’ आला, स्वल्पविराम गेला आणि जलवाहिनीचं एक नवं वाक्य अहवालात आलं. ते आधी कुठेच नव्हतं!

नियमाला पळवाटा आहेत. विल्यम स्ट्रंकनं १९१८च्या ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’मध्ये हा दोष सांगतानाच अगदी छोट्या, एकाच घडणीच्या वाक्यांना सूट दिली. डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ची (१८५९) सुरुवात तर स्वल्पविरामांच्या माळेवरच चालते. पण अशी सूट ठरवून घेतलेली दिसली पाहिजे. प्रबंधात ती मी देत नाही, बोलण्यात देते. त्याच अहवालात गावातल्या बायकांचं बोलणं इंग्रजीत दिलं होतं : पाणी आलं, आम्ही धावलो, पाणी गेलं. तिथले स्वल्पविराम राहू दिले आणि शेजारी ‘आहे तसं ठेवा’ असं लिहिलं. नाहीतर पुढचा मुद्रितशोधक तिथे अर्धविराम पेरणार, हे ठरलेलं.