उतार जिथून सुरू होतो

नव्या कात्रज बोगद्याचं पुण्याकडचं तोंड मागे पडलं की रस्ता उताराला लागतो. मोटारीत बसलेल्याला तो फारसा जाणवत नाही, कारण रस्ता रुंद आहे आणि वळणंही अंगावर येणारी नाहीत. खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडून, शिंदेवाडीचा चढ दमत चढून आलेल्या भरल्या ट्रकला मात्र तो लगेच कळतो. इंजिनाचा आवाज उतरतो आणि गाडी आपसूक पुढे जायला लागते. मग जांभूळवाडी, दरी पूल, नऱ्हे, भूमकर चौक आणि शेवटी नवले पूल. चालकाला सुटकेचा श्वास घ्यावासा वाटतो तो नेमका इथे, आणि खाली राहणाऱ्यांचा जीव मुठीत असतो तोही इथेच.

याच उतारावर, कठड्याच्या आत उभ्या असलेल्या पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीजवळ मी थांबलो होतो. तिपाईवर स्पीडगन, गाडीत छोटा पडदा, बरोबर दोन माणसं. गनच्या भिंगातून पाहिलं की मधोमध लाल ठिपका दिसतो. तो ठिपका येणाऱ्या वाहनाच्या नंबर प्लेटवर धरायचा, कारण प्लेटवरचा परावर्तक थर किरण सरळ परत पाठवतो. गनमधून अवरक्त प्रकाशाचे बारीक ठोके सुटतात, आपटून परत येतात. प्रत्येक ठोक्याला जायला-यायला लागलेल्या वेळातून अंतर निघतं आणि ते अंतर किती झपाट्याने कमी होतंय त्यावरून वेग. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. पडद्यावर वाहनाचा फोटो, त्याखाली तारीख, वेळ, अंतर आणि आकडा.

सोपं वाटतं, पण हाताला सवय लागते. ट्रकची प्लेट चिखलाने माखलेली असते, कधी बंपरच्या नळीमागे अर्धी लपलेली. दुचाकीचा पुढचा भाग अरुंद, त्यामुळे ठिपका घसरतो. रस्त्याच्या कडेला तिरकं उभं राहिलं तर आकडा खऱ्या वेगापेक्षा किंचित कमीच दिसतो. ही तफावत चालकाच्या बाजूची असते, हे गन धरलेल्या हवालदारांनी आवर्जून सांगितलं. "कुणावर खोटी पावती नको," एवढं बोलून ते पुन्हा भिंगाला डोळा लावून उभे राहिले. दहा चाकांचा एक ट्रक आला. आकडा उमटला 58. या पट्ट्यात अवजड वाहनासाठी तो गुन्हाच. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा वाहनाच्या अतिवेगाला 2,000 ते 4,000 रुपये दंड आहे. ई-चलनाचा संदेश मालकाच्या मोबाइलवर जातो आणि पैसे बहुतेक वेळा चालकाच्या पगारातून कापले जातात.

मी आकड्यांपेक्षा मागचे दिवे बघत होतो. पांढरी गाडी दिसली की एकामागून एक लाल दिवे पेटतात, रांग आवळते, सगळे शहाण्यासारखे पुढे सरकतात. शंभर-दीडशे मीटर गेलं की दिवे विझतात. सेवारस्त्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या एका बाईंनी हे रोज पाहिलेलं. "साहेब, तुम्ही आहात तोवर ठीक आहे. तुमची गाडी हलली की बघा," त्या म्हणाल्या. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, पाऊस आला की ओलं होतं तितक्या साधेपणाने त्या बोलत होत्या.

छुप्या जागी उभं राहून गाड्या पकडाव्यात असं काही रहिवाशांना वाटतं. मला ते पटत नाही, आणि नियमही त्या बाजूचा नाही. 2021मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या 167अ या नियमानुसार जिथे यंत्राने वेग टिपला जातो तिथे आधी ठळक सूचनाफलक हवा आणि यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, तेही दरवर्षी नव्याने. माणूस सापडावा यापेक्षा त्याने वेग कमी करावा, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. कॅमेऱ्यांच्या दोन कमानींमधलं अंतर कापायला लागलेल्या वेळावरून सरासरी वेग काढायची पद्धत त्याहून चांगली, कारण मग कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून भागत नाही.

पण या उतारावरचा सगळा वेग चालकाच्या पायातून येत नाही. त्यातला बराचसा उतारातूनच येतो. इथे खरं दुखणं सुरू होतं.

चालकांच्या बोलीत याला "गाडी सोडणं" म्हणतात. बोगदा संपला की गिअर न्यूट्रलला टाकायचा आणि गाडी आपल्या वजनाने जाऊ द्यायची. काही जण इंजिनच बंद करतात. डिझेल वाचतं. मालक ॲव्हरेज विचारतो आणि ते चांगलं पडलं तर चालकाची शान राहते, कधी वरचे पैसेही मिळतात. गिअरमध्ये असलेलं इंजिन चाकांना मागे ओढून धरत असतं. ते सुटलं की सगळा भार ब्रेकवर. चाळीस टनांची गाडी उभ्या मापाने शंभर मीटर खाली येते तेव्हा जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्यात सव्वाशे लिटर थंड पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. ही उष्णता लायनर आणि ड्रमने गिळायची. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड जाते, पाय पेडलवर पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. इंजिन बंद असेल तर कॉम्प्रेसरही बंद, मग दर ब्रेकला टाकीतली हवा उतरत जाते आणि स्टिअरिंग जड होतं. त्या वेळी खाली नवले पुलापाशी सिग्नलला, बसथांब्याला, कॉलेजच्या वेळेला गर्दी असते.

20 नोव्हेंबर 2022च्या रात्री इथे एका ट्रकने कित्येक गाड्या फरफटत नेल्या. 13 नोव्हेंबर 2025ला कंटेनरच्या धडकेत एक मोटार दोन अवजड वाहनांमध्ये चिरडली आणि आग लागली. आजूबाजूला राहणाऱ्यांना या तारखा पाठ आहेत. घरातलं कुणी त्या वाटेने यायचं असलं की फोन लागेपर्यंत चैन नसते. सरकारी व्याख्येत पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा एकूण दहा माणसं गेली, की ती जागा अपघातप्रवण ठरते. मोजणी नेमकी हवी हे मान्य. पण ज्या उताराचं गणित आधीच मांडता येतं, तिथे माणसं जाण्याची वाट पाहून यादी करावी लागणं मला सहन होत नाही.

रस्त्यावर उपाय झालेले दिसतात: फलक, कॅमेरे, आणि रंबलर. थर्मोप्लास्टिकच्या त्या पांढऱ्या जाड पट्ट्या रहिवाशांनीच मागून घेतल्या. चाकं त्यावरून गेली की चालकाच्या हातापायांना कंप जाणवतो. रात्री दोन-अडीचला तोच कंप कडेच्या इमारतींत काचा घुमवतो. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांनी खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबलेल्या दाखवल्या. आवाज बंद करा असं मात्र ते म्हणत नाहीत. "घरघर ऐकू आली म्हणजे गाडी ताब्यात आहे. नुसती सूं करून गेली की मी उठून बसतो," ते म्हणाले. आता पट्ट्या मधल्या मार्गिकेत घासून सपाट होत आल्या आहेत, त्या पुन्हा टाकायला हव्यात.

मग मी बोगद्याच्या पलीकडे, चढ सुरू होण्याआधी ट्रक थांबतात तिकडे गेलो. सांगलीकडून गूळ घेऊन आलेला एक मुरलेला चालक टायरवर लाकडी दांडका मारत होता. आवाजावरून हवा कळते. मग ड्रमजवळ हात नेऊन त्याने ऊब पाहिली, हवेच्या दाबाचा काटा पाहिला. "दादा, बोगद्यातून बाहेर पडायच्या आधीच गिअर धरायचा. खाली गेल्यावर धरू म्हटलं तर पडत नाही," त्याने मला समजावलं. जोरात सुटलेल्या गाडीत खालचा गिअर बसत नाही, दाते कुरकुरतात आणि गाडी न्यूट्रललाच राहते. एवढं ज्ञान या रस्त्यावर फुकट उपलब्ध आहे. ते सगळ्या चालकांपर्यंत पोचवायचं तर अडवणूक उताराच्या माथ्यावर व्हायला हवी. खाली गन लावून सापडतो तो आकडा. तोवर ड्रम तापलेला असेल तर पावतीने तो थंड होत नाही.

त्या आठवड्यात एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये रहिवाशांची बैठक झाली. निवेदनाच्या जुन्या मसुद्यात पहिली मागणी होती जादा कॅमेऱ्यांची. एका निवृत्त एसटी चालकाने ती खाली सरकवायला लावली. आता पहिल्या क्रमांकावर आहे: बोगद्याच्या अलीकडे अवजड वाहनांसाठी सक्तीचा थांबा, तिथे हवेचा दाब आणि ब्रेकची तपासणी, आणि गिअर घालूनच पुढे सोडणं. दुसऱ्यावर सरासरी वेगाचे कॅमेरे, तिसऱ्यावर झिजलेले रंबलर. थांब्याला जागा कुठे, रात्री माणूस कोण देणार, रांग बोगद्यात शिरली तर काय, यावर बराच वेळ वाद झाला आणि प्रत्येक प्रश्न मसुद्यात जसाच्या तसा लिहून घेतला गेला. निवेदनाच्या तीन प्रती काढायचं ठरलं: एक महामार्ग प्राधिकरणाला, एक वाहतूक पोलिसांना, एक महापालिकेला. पोच घेऊन यायची जबाबदारी टपरीवाल्या बाईंच्या मुलाने घेतली.