जुन्या वाहनातील वायपर मोटरची विद्युतजोडणी

जुन्या वाहनातील मूळ वायपर मोटर निकामी झाल्यास तिच्या जागी नंतरच्या काळातील मोटर बसवली जाते. तिची विद्युतजोडणी करण्यापूर्वी व्होल्टता, अर्थिंगची ध्रुवता आणि विरामस्विच या तीन बाबी तपासणे आवश्यक असते. यांपैकी विरामस्विचची जोडणी चुकल्यास तारा जळू शकतात.

व्होल्टता व ध्रुवता

विलीस सीजे-२ए जीपसारख्या वाहनांत ६ व्होल्टची यंत्रणा होती. अशा वाहनात १२ व्होल्टची मोटर मंद चालते. उलटपक्षी, ६ व्होल्टची मोटर १२ व्होल्टवर जळते. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. नंतरच्या मोटर मात्र ऋण टोक सांगाड्याला जोडले आहे, असे गृहीत धरून बनवल्या जातात. चुंबकीय क्षेत्रासाठी तारेचे वेटोळे असलेली जुनी मोटर ध्रुव बदलूनही त्याच दिशेने फिरते. स्थायी चुंबकाची मोटर उलट फिरते.

विरामस्विच

बटण बंद केल्यावर वायपरचे दांडे काचेच्या मध्यभागी थांबून दृष्टीआड येऊ नयेत, यासाठी मोटरच्या गिअरपेटीत विरामस्विच असतो. दांडे काचेच्या कडेला पोहोचेपर्यंत तो मोटरला वीज देत राहतो. स्थायी चुंबकाच्या अनेक द्विगती मोटरांत दांडे तेथे पोहोचताच हा स्विच मंदगतीच्या तारेचा पुरवठा तोडून ती अर्थला जोडतो. फिरते आर्मेचर त्या क्षणी जनित्राप्रमाणे वागते व स्वतःच्याच प्रवाहाने थांबते.

अशा मोटरला जुना चालू-बंद स्विच पुरत नाही. मंदगतीची तार विरामस्विचला जोडलेली असतानाच तिला थेट वीज दिल्यास, प्रत्येक फेरीत विरामस्थानी बॅटरी अर्थला जोडली जाऊन शॉर्ट सर्किट होते. म्हणून दुतर्फा स्विच किंवा रिले वापरतात. त्यामुळे मंदगतीची तार चालू स्थितीत पुरवठ्याला आणि बंद स्थितीत विरामस्विचला जोडली जाते. एकाच वेळी दोन्हींना नाही.

जोडणीचा क्रम

प्रथम बॅटरी सोडवतात व मल्टिमीटरने तारा ओळखतात. पुरवठ्याच्या तारेत उत्पादकाने सुचवलेल्या क्षमतेचा फ्यूज घालतात. रबरी बैठक व रंगाचा थर यांमुळे सांगाड्याशी संपर्क तुटत असल्याने अर्थसाठी स्वतंत्र तार घेतात. मोटर बाहेरच चालवून विरामस्थानी थांबल्याची खात्री झाल्यावर ती गाडीत बसवून दांडे जोडतात. पहिली चाचणी काच ओली करून घेतात. कोरड्या काचेवर घर्षण वाढून मोटरवर अनावश्यक भार येतो.