तरणतलावाचे पाणी – लेखांक ७ : ब्रोमीनची पातळी

साध्या तापमानाला द्रवरूपात राहणारे ब्रोमीन हे एकमेव अधातू मूलद्रव्य आहे. फ्रान्समधील आंत्वान बालार याने १८२६ मध्ये ते मिठागरातले मीठ काढून घेतल्यावर उरणाऱ्या कडवट खारपाण्यातून वेगळे केले. भारतातले ब्रोमीनही मुख्यतः गुजरातेतून, विशेषतः कच्छच्या खारपाण्यातून येते. हा लालसर तपकिरी द्रव अंगावर पडला तर कातडी खोलवर भाजते आणि त्याची वाफ घशाला झोंबते. म्हणून तलाव सांभाळणाऱ्याच्या हाती तो द्रव कधी येत नाही. त्याला मिळते ते दोन रूपांत: ब्रोमीन आणि क्लोरीन दोन्ही धरून ठेवणाऱ्या हायडँटॉइनच्या गोळ्या, किंवा सोडियम ब्रोमाइड हा साधा क्षार.

गोळ्या तरंगत्या डब्यात किंवा फिल्टरनंतरच्या फीडरमध्ये ठेवतात, आणि त्या हळूहळू विरघळतात. सोडियम ब्रोमाइड स्वतः जंतू मारत नाही. त्यावर क्लोरीन, ओझोन किंवा मोनोपरसल्फेट यांपैकी एखाद्या ऑक्सिडीकारकाची क्रिया झाली की त्यापासून हायपोब्रोमस आम्ल तयार होते, आणि जंतुनाशक आहे ते हे आम्ल. जंतू, घाम, त्वचेचा मळ यांच्यावर खर्ची पडल्यावर ते पुन्हा बहुतांशी ब्रोमाइड होऊन पाण्यातच राहते आणि पुढच्या डोसाने परत कामाला लागते. जंतुनाशकाची पातळी शून्यावर आली तरी ब्रोमाइडचा साठा पाण्यात शिल्लक असतो. ब्रोमीनच्या तलावाचे सगळे व्यवस्थापन या एका गोष्टीभोवती फिरते.

पातळी किती ठेवायची, याबाबत फारसा मतभेद नाही. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने पोहण्याच्या तलावासाठी किमान ३ पीपीएम आणि गरम पाण्याच्या टबासाठी किमान ४ पीपीएम सांगितले आहे. व्यवहारात तलाव ३ ते ५ आणि टब ४ ते ६ पीपीएमच्या दरम्यान ठेवतात. क्लोरीनचा १ ते ३ हा आकडा डोक्यात असलेल्याला हे प्रमाण जास्त वाटते. पण ब्रोमीनचा अणू क्लोरीनच्या सव्वादोन पट जड आहे. वजनाने मोजले की आकडा आपोआप फुगतो.

सामूचा, म्हणजे पीएचचा, जाच मात्र ब्रोमीनमध्ये कमी असतो. पीएच ७.५ ला क्लोरीनचा जेमतेम निम्मा भाग प्रभावी रूपात असतो, ब्रोमीनचा नव्वद टक्क्यांहून अधिक. पीएच ८ पर्यंत चढला तर क्लोरीन पाव भागावर येते, ब्रोमीन तरीही ऐंशी टक्क्यांच्या आसपास टिकते. घामातल्या अमोनियाशी संयोग होऊन बनणारी ब्रोमामाइन्सही जंतू मारू शकतात आणि क्लोरामाइन्ससारखा डोळे चुरचुरवणारा उग्र वास देत नाहीत. छताखालचे तलाव, फिजिओथेरपीचे कोमट हौद आणि जकुझी यांत ब्रोमीनला पसंती मिळते ती याच कारणाने. तरी पीएच ७.२ ते ७.८ मध्येच राखावा. गोळ्यांमुळे तो हळूहळू खाली येतो, त्यामुळे क्षारता ८० ते १२० पीपीएमच्या खाली जाऊ लागली की खाण्याचा सोडा घालावा लागतो.

डोसाचा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावात ७० हजार लिटर पाणी मावते. लिटरमागे ३० मिलिग्रॅम या प्रमाणात सोडियम ब्रोमाइडचा पहिला साठा करायचा तर २.१ किलो लागेल. सकाळच्या तपासणीत ब्रोमीन १ पीपीएम निघाले आणि ते ४ पर्यंत न्यायचे असेल, तर ३ पीपीएमची तूट म्हणजे २१० ग्रॅम ब्रोमीन. १ ग्रॅम क्लोरीन सव्वादोन ग्रॅम ब्रोमीन मोकळे करते, म्हणून ९३ ग्रॅम क्लोरीन पुरे. दहा टक्के ताकदीचे सोडियम हायपोक्लोराइट साधारण एक लिटर. हायपोक्लोराइट कॅनमध्ये पडून पडून उतरते, उन्हाळ्यात तर झपाट्याने. जुना कॅन असेल तर आकडा वाढवावा आणि पंप अर्धा-एक तास फिरवून पुन्हा मोजावे.

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीला दुर्गच्या अलीकडे रसमडा लागते. एका बाजूला बोरईचे औद्योगिक क्षेत्र, पलीकडे भिलईची पोलादनगरी, आणि मे महिन्यात ४४ अंशांच्या वर जाणारा पारा. या पट्ट्यातल्या उघड्या तलावात ब्रोमीन टिकवणे हे खर्चाचे काम आहे. सूर्यप्रकाशातली अतिनील किरणे ब्रोमीन आणि क्लोरीन दोघांनाही मोडतात. पण क्लोरीनला सायन्युरिक आम्लाची छत्री मिळते, ब्रोमीनला तशी कोणतीच मिळत नाही. ट्रायक्लोरच्या गोळ्यांवर चाललेला तलाव ब्रोमीनवर वळवला तर आधीचे सायन्युरिक आम्ल पाण्यात असूनही उपयोगाचे नसते. संध्याकाळी ४ पीपीएम असलेला तलाव सकाळपर्यंत ठीक राहतो, पण दुपारी चार वाजता तळाला गेलेला असतो. म्हणून उघड्या ब्रोमीन-तलावात मोठा डोस सूर्यास्तानंतर द्यावा, दिवसा फीडर चालू ठेवावा आणि भर दुपारी तलाव आच्छादनाने झाकावा. एवढे करण्यापेक्षा रसमड्यात उघड्या तलावासाठी सरळ क्लोरीन घ्यावे आणि ब्रोमीन छताखालच्या पाण्यासाठी ठेवावे, हे अधिक शहाणपणाचे.

पावसाळ्यात अडचण उलट असते. या भागात वर्षाला एक मीटरहून अधिक पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच. १.४ मीटर खोल तलावावर एवढे पाणी पडून ओव्हरफ्लोवाटे गेले तर ब्रोमाइडचा साठा निम्म्याच्या आसपास उतरू शकतो. बॅकवॉशचे नुकसान वेगळे. अशा वेळी हायपोक्लोराइटचा नेहमीचा डोस देऊनही पाण्याला क्लोरीनचा वास येऊ लागतो, आणि मग सोडियम ब्रोमाइड पुन्हा भरावे लागते. उन्हाळ्यात वाफ होऊन पाणी घटते तेव्हा ब्रोमाइड मागे राहते, नुसते पाणी भरले की पुरते. बोअरवेलच्या पाण्यात लोह असेल तर पहिल्याच डोसानंतर पाणी तांबूस होते. ते गाळून निघेपर्यंत ब्रोमीनचा आकडा फसवा असतो.

मोजणी डीपीडीच्या गोळीने करतात. नमुना पाण्याच्या इनलेटपासून दूर आणि कोपरभर खोलीवरून घ्यावा. बाटलीत गोळी चुरल्यावर गुलाबी रंग येतो आणि तो पट्टीवरच्या रंगाशी जुळवतात. किटवर फक्त क्लोरीनची पट्टी असेल तर आलेल्या आकड्याला २.२५ ने गुणावे: १.६ दिसले तर ब्रोमीन ३.६. ब्रोमामाइन्सही कामाची असल्याने मुक्त आणि संयुक्त असा भेद करण्याची गरज नाही. फसगत होते ती प्रमाण फार वाढल्यावर. गुलाबी रंग क्षणभर उमटून नाहीसा होतो आणि बाटली स्वच्छ दिसते. कोरे पाणी बघून आणखी डोस देणे ही प्लांट रूममधली सर्वांत महागडी चूक. शंका आली तर नमुन्यात तेवढेच शुद्ध पाणी मिसळून पुन्हा मोजावे आणि आकडा दुप्पट करावा.

गोळ्यांवर चाललेल्या तलावात डायमिथाइल हायडँटॉइन साठत जाते. ते उडून जात नाही, सँड फिल्टरमध्ये अडकत नाही. पाणी बदलले नाही तर काही महिन्यांनी ब्रोमीन मोजणीत भरपूर आणि कामात मंद असा अनुभव येतो, पोहणाऱ्यांना खाजही सुटते. त्यावर उपाय एकच, थोडे थोडे पाणी काढून ताजे भरत राहणे. खोबरेल तेल आणि सनस्क्रीन यांच्यापुढे ब्रोमीन क्लोरीनहून दुबळे पडते. तलावात उतरण्यापूर्वीचा शॉवर इथे खरोखर डोस वाचवतो. आठवड्यातून एकदा, गर्दी ओसरल्यावर, मोनोपरसल्फेटचा शॉक द्यावा आणि पातळी खाली येईपर्यंत कुणाला पाण्यात सोडू नये.

ब्रोमीनच्या गोळ्या ट्रायक्लोर किंवा ब्लीचिंग पावडरच्या फीडरमध्ये कधीही घालू नयेत. एकाच डब्यात मिसळल्यास आग किंवा स्फोट होऊ शकतो. चमचाही वेगळा असावा. भिलईच्या उन्हात पत्र्याचे शेड भट्टीसारखे तापते, तेव्हा साठा पक्क्या छताच्या, कोरड्या, हवेशीर खोलीत ठेवावा, आणि विरघळवताना आधी बादलीत पाणी, मग रसायन.

ब्रोमीनवरून क्लोरीनवर परतायचे ठरले तर तलाव रिकामा करण्यावाचून मार्ग नाही. ब्रोमाइड शिल्लक आहे तोवर ओतलेल्या सगळ्या क्लोरीनचे ब्रोमीन होत राहते. रिकामे करायचे पाणी शिवनाथ नदीला मिळणाऱ्या नाल्यात तसेच सोडू नये. सोडियम थायोसल्फेट घालून ब्रोमीन शून्यावर आणावे, डीपीडीने खात्री करावी आणि मगच व्हॉल्व्ह उघडावा.