दोनशे तीस जीबीचा ड्रमसेट आणि एक हलगी

ड्रमसेट ठेवायला एक खोली पुरते. तोच ड्रमसेट संगणकात ठेवायचा तर २३० जीबी जागा लागते! स्वीडनच्या टूनट्रॅक कंपनीनं २०१७ साली आणलेल्या ‘सुपीरिअर ड्रमर ३’ मधल्या मूळ आवाजांचा हा पसारा. जॉर्ज मॅसनबर्ग या नामवंत ध्वनिमुद्रकानं तो बेल्जियमच्या गॅलेक्सी स्टुडिओत टिपला. आज सोलापुरात घरातल्या घरात गाणी करणाऱ्या मुलामुलींसमोर अशा सॉफ्टवेअरची रांगच उभी आहे. कुठलं घ्यावं, हा प्रश्न हमखास येतो. उत्तराच्या वाटेवर गमती इतक्या आहेत की आधी त्या ऐकाच.

झांज परवडली नाही

खऱ्या ड्रमचे आवाज चिपवर साठवून वाजवणारं पहिलं ड्रम मशीन १९८० साली अमेरिकेत रॉजर लिन यांनी आणलं. नाव एलएम-१, किंमत पाच हजार डॉलरच्या घरात. एवढे पैसे मोजूनही त्यात मोठी झांज नव्हती. ना क्रॅश, ना राइड. झांजेचा नाद लांबतो, लांब नादाला मेमरी जास्त लागते आणि तेव्हा मेमरी सोन्याच्या भावानं मिळायची. दोन वर्षांनी ‘लिनड्रम’ आला, तेव्हा कुठं झांज वाजली.

त्याच १९८० साली जपानच्या रोलँडनं टीआर-८०८ काढलं. त्यात खऱ्या ड्रमचा एकही आवाज नव्हता, सगळे आवाज सर्किटमधून घडवलेले. सुमारे बारा हजार मशीन विकून १९८३ मध्ये उत्पादन बंद झालं. तेव्हा ‘हा कसला ड्रम’ म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ होते. आज मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून छातीवर आदळणारा ‘बेस’ बहुतेकदा त्याच्याच वंशातला असतो. मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली हेच ८०८ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्या वादनाच्या तबकडीला तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. जगानं ती डोक्यावर घेतली ती एकविसाव्या शतकात.

आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांचा लाडका ऑक्टापॅडही रोलँडचाच. पहिला १९८५ साली आला. आठ रबरी चौकोन, दोन काठ्या, आणि लग्नातल्या मांडवापासून भजनी मंडळापर्यंत सगळीकडे मुक्काम.

मागाचा खटका

सॉफ्टवेअरचा ड्रम खोटा वाटतो तो नेमका कशामुळं? सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांमधून चालत जा. खट-खट-खट, प्रत्येक खटका आधीच्यासारखाच. एकच सॅम्पल, म्हणजे टिपलेला एकच फटका, पुन्हा पुन्हा वाजलं की कानाला तसंच होतं. जाणकार याला ‘मशीनगन’ म्हणतात. माणसाच्या हाताच्या दोन थापा कधीच तंतोतंत सारख्या नसतात.

म्हणून चांगलं सॉफ्टवेअर दोन गोष्टी करतं. पहिली, हळू ते जोरात असे आवाजाचे थर ठेवतं. मिडी या १९८३ पासूनच्या भाषेत फटक्याचा जोर १ ते १२७ असा मोजतात. दुसरी, एकाच जोराचे अनेक फटके ठेवून ते आळीपाळीनं वाजवतं. याचं नाव राउंड रॉबिन. आता हिशेब करा: एका स्नेअर ड्रमचे २० थर, प्रत्येक थराचे ८ फटके आणि टिपायला १० माइक. एका ड्रमच्या १,६०० फायली झाल्या! २३० जीबी कुठून येतात, हे इथं कळतं.

मेशुगा नावाचा स्वीडिश मेटल बँड आहे. त्यांचा ड्रमर टॉमस हाका हा जगातल्या अवघड लयी वाजवणाऱ्यांपैकी एक. त्याच्याच ड्रमचे आवाज टिपून टूनट्रॅकनं ‘ड्रमकिट फ्रॉम हेल’ बनवलं. पुढं २००५ च्या ‘कॅच थर्टीथ्री’ या अल्बमसाठी बँडनं त्याच आवाजांतून ड्रम संगणकावर रचले. ड्रमर शेजारी हजर असताना त्याचेच फटके माउसनं मांडले!

चुकायचं कसं, हेही शास्त्र

जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ‘ह्युमनाइज’ नावाचं बटण असतं. दाबलं की फटके काही मिलिसेकंद मागंपुढं सरकतात आणि वाजवणारा माणूस आहे असं वाटू लागतं. निदान तशी अपेक्षा असते. शास्त्रज्ञ होल्गर हेनिग आणि सहकाऱ्यांनी २०११ साली घानाच्या एका व्यावसायिक वादकाचं वादन मोजलं. त्याचे मागंपुढं झालेले फटके आंधळेपणानं विखुरलेले नव्हते. आत्ता सरकलेल्या फटक्याचा संबंध बऱ्याच वेळानंतरच्या फटक्याशीही लागत होता. श्रोत्यांनाही नुसत्या नशिबावर सोडलेल्या चुकांपेक्षा अशा एकमेकींशी नातं असलेल्या चुका जास्त आवडल्या. आपले गुरुजी ‘लय अंगात पाहिजे’ म्हणतात, ते मोजमापातही उतरलं. तेव्हा बटणावर विसंबू नका. पॅडवर किंवा कीबोर्डवर स्वतः बोटांनी वाजवा, मग हवं तेवढंच सावरा.

वाजवताना आवाज उशिरा येत असेल तर ऑडिओ सेटिंगमधला बफर पाहा. ४४,१०० च्या सॅम्पल रेटवर ५१२ चा बफर म्हणजे जवळपास १२ मिलिसेकंदांचा उशीर. ढोलकीवाला चार मीटर लांब बसल्यासारखा. १२८ वर आणा, तो एका मीटरवर येऊन बसतो.

जिन्याचा आवाज

लेड झेपलिन या रॉक बँडच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ (१९७१) या गाण्यातला ड्रम आजही ध्वनिमुद्रकांना वेड लावतो. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत ड्रमसेट खाली जिन्याच्या पायथ्याशी प्रवेशदालनात ठेवला आणि माइक वर जिन्यात टांगले. तो दणदणीतपणा ड्रमइतकाच त्या घराचाही आहे. सॉफ्टवेअर निवडताना म्हणूनच ‘रूम माइक’ वेगळा कमी-जास्त करता येतो का, हे आधी बघा. माझ्या मते थरांच्या संख्येपेक्षाही याला वजन द्यावं. जवळच्या माइकचा कोरडा आवाज कितीही महागडा असला तरी हवा नसेल तर तो ड्रम जमिनीवर उभा राहत नाही.

आता खरेदीचं, थोडक्यात. नवशिक्यांनी फुकटापासून सुरुवात करावी: ‘एमटी पॉवर ड्रम किट २’ आणि ‘स्टीव्हन स्लेट ड्रम्स ५’ ची मोफत आवृत्ती. मॅकवर लॉजिक प्रो असेल तर २०१३ पासून त्यात ‘ड्रमर’ बसलेलाच आहे, वेगळा खर्च कशाला? झटपट गाणी उरकायची तर ‘ईझीड्रमर’ किंवा ‘अ‍ॅडिक्टिव्ह ड्रम्स २’. दोन्हींत तयार ठेके भरपूर, आणि साध्या लॅपटॉपलाही झेपतात. ‘सुपीरिअर ड्रमर’ आणि ‘बीएफडी३’ यांच्याकडे वळायचं ते मिक्सिंगचा कान तयार झाल्यावर आणि एसएसडी घेतल्यावर. जुन्या फिरत्या डिस्कवर एवढी लायब्ररी चढवली की गाणं अडखळतं.

शाईचं गणित

हे सगळं झालं पाश्चात्त्य ड्रमचं. आपल्या चामड्याचा मामला निराळा. साध्या गोल कातड्यातून निघणारे नाद एकमेकांशी सुरात जुळत नाहीत, म्हणून त्या ड्रमला ठरावीक सूर नसतो. तबला-मृदंगाच्या मध्यावर शाई चढवली की तेच नाद नीट पटीत बसतात. हे सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२० साली ‘नेचर’मध्ये मांडलं. नोबेल मिळण्याच्या दहा वर्षं आधी!

सॉफ्टवेअर निवडताना याचा थेट उपयोग आहे. गाणं काळी दोनमध्ये आणि तबल्याचं सॅम्पल पांढरी एकचं, तर नॉब फिरवून सूर ओढावा लागतो. दोन सुरांपलीकडं ओढलं की ‘ना’ पत्र्यासारखा वाजायला लागतो. म्हणून वेगवेगळ्या सुरांत टिपलेला तबला असलेला संच घ्या. डग्ग्यावर मनगट घासत नेलेला ‘घे’ कितपत साधतो, तेही ऐका. पंढरपूरच्या वाटेवर वाजणाऱ्या मृदंगाच्या डाव्या अंगाला तर ओली कणीक लावतात आणि तिच्या कमी-जास्तीवर घुमारा बदलतो. सॅम्पलमध्ये ती कणीक टिपल्या दिवशी होती तेवढीच राहते.

आणि हलगी?

हा जिल्हा तालवाद्यांनी भरलेला. शाहीर राम जोशी सोलापूरचे, अमर शेख बार्शीचे, लावणीची स्पर्धा अकलूजला. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा भरते, सात नंदीध्वज निघतात आणि हलगीचा कडकडाट घुमतो. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’साठी (२०१६) अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला. आपल्या मातीतला सिनेमा तिथवर गेला. मग आपल्या मातीतली हलगी सॉफ्टवेअरमध्ये कुठवर आली? स्वित्झर्लंडच्या स्वार सिस्टिम्सचं ‘स्वारप्लग’ किंवा नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा ‘इंडिया’ संच घेतला तर तबला-ढोलक मिळतात. हलगी हवी असेल तर बहुतेकदा कुणीतरी तयार केलेला लूप हाती लागतो. त्यात ना थर, ना आळीपाळी. जो ठेका आहे तोच वाजवा.

म्हणून सोलापूरकरांना माझं कळकळीचं सांगणं: हलगी विकत शोधू नका, टिपा. एका दुपारचं काम आहे. माग बंद असतील अशी वेळ गाठा. एक माइक समोर हातभर अंतरावर, दुसरा चार-पाच पावलं मागं, खोलीसाठी. जाड काठीचा मधला फटका, बारीक काडीचा कडेचा फटका, दोन्ही एकदम आणि हातानं दाबून बंद केलेला, असे चार प्रकार. प्रत्येकाचे पाच जोर, प्रत्येक जोराचे आठ फटके. दोन माइकच्या मिळून ३२० फायली होतात. ‘डीसेंट सॅम्पलर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्या थरांसह आणि आळीपाळीसह बसतात.

एक मात्र सांभाळा. हलगी विस्तवावर शेकून ताणतात आणि थंड होत गेली की ती उतरते. पहिला फटका आणि शंभरावा फटका यांच्या सुरात फरक पडतो आणि नंतर एकत्र लावताना तो उघडा पडतो. म्हणून एक प्रकार टिपून झाला की थांबा, पुन्हा शेकू द्या, पहिल्या फटक्याशी ताडून बघा आणि मगच पुढं जा. कातडं किती तापलं हे वादकाच्या तळव्याला कळतं, तिथं त्याचंच ऐका.

पैशाचं आधीच बोला. अमेरिकेच्या ‘द विन्स्टन्स’ या बँडच्या १९६९ मधल्या एका गाण्यात जी. सी. कोलमन या ड्रमरनं सहा-सात सेकंद एकट्यानं ड्रम वाजवला. ‘आमेन ब्रेक’ म्हणून तो तुकडा पुढं हजारो गाण्यांत वापरला गेला. कोलमनना त्याची रॉयल्टी कधी मिळाली नाही. आपल्याकडचा हलगीवाला पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या मिरवणुकीपुढं वाजवत आला आहे, त्याच्या बाबतीत हे घडता कामा नये. दिवसाची सुपारी रोख द्या. आवाज फक्त तुमच्या गाण्यात वापरणार की पुढं विकणार, विकले तर त्याचा वाटा किती, हे मराठीत एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. फोल्डरवर आणि गाण्याच्या श्रेयनामावलीत वाजवणाऱ्याचं पूर्ण नाव आणि गाव लिहा.