धारवाडच्या खडकातला बर्फ

धारवाडचे नाव जगभरच्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत गेले ते रॉबर्ट ब्रूस फूट यांच्यामुळे. दक्षिण भारतातल्या अतिप्राचीन, लोखंड आणि सोने पोटात बाळगणाऱ्या खडकांच्या पट्ट्यांना त्यांनी १८८० च्या दशकात हे नाव दिले. हिमयुग म्हटले की आपण हिमालयाकडे बघतो. पण आपल्याकडच्या सगळ्यांत जुन्या बर्फाची नोंद बहुधा या धारवाडी खडकांतच आहे.

हुबळीहून महामार्गाने दावणगेरे ओलांडले की चित्रदुर्ग जिल्हा लागतो. तिथल्या होळलकेरे तालुक्यात ताळ्य नावाचे गाव आहे. त्याच्या नावाने ओळखला जाणारा पिंडाश्म, म्हणजे गोटे आणि गाळ एकत्र घट्ट होऊन बनलेला खडक, सुमारे २७० कोटी वर्षांचा. हा समुद्रात साचलेला हिमनदीचा गाळ आहे, असे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे रिचर्ड ओजाकांगास आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘करंट सायन्स’मध्ये मांडले.

याचा पुरावा डोळ्यांना दिसणारा असतो. बारीक गाळाचे पातळ थर संथ पाण्यातच बसतात. अशा थरांत मधेच परक्या खडकाचा मोठा गोटा रुतलेला आढळतो. तो वाहून आणण्याइतका जोर पाण्याला असता, तर हे नाजूक थर टिकलेच नसते. गोटा वरून पडला आहे: त्याच्याखालचे थर दबलेले असतात, वरचे त्याच्या पाठीवरून वळून जातात. हिमनगात अडकलेले दगड बर्फ वितळला की असेच तळाला जातात. मुळांत दगड धरून वाहणारी झाडेही आज हे काम करतात. पण २७० कोटी वर्षांपूर्वी झाड तर सोडाच, गवताची काडीही नव्हती. मला हा मुद्दा फार पटतो.

उतारावरून घसरलेल्या चिखल-दगडांचाही पिंडाश्म होतो, ही शंका रास्तच. शिवाय धारवाडी खडक पुढे इतके दाबले आणि मुडपले गेले की गोट्यांवरचे हिमनदीचे ओरखडे शाबूत राहणे अवघड.

ओरखडे चंद्रपूरजवळ इरईला आहेत. पैनगंगेचा चुनखडक तिथे घासून गुळगुळीत झालेला आणि समांतर रेघांनी ओरखडलेला फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ साली नोंदवला. तो बर्फ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा, भारत गोंडवन भूखंडात दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता तेव्हाचा. बर्फ ओसरल्यावर त्या भूमीवर ग्लोसोप्टेरिसची जंगले माजली; चंद्रपूरचा दगडी कोळसा त्यांचाच.

ताळ्यच्या काळी मात्र सूर्यच आजच्यापेक्षा सुमारे एक-पंचमांशाने मंद होता. त्यामुळे बर्फ होता याचे नवल नाही. समुद्र गोठून न जाता त्यात गाळ बसत होता, हिमनग वितळत होते, याचे आहे. हवेतल्या कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनने ऊब धरून ठेवली असावी. पुढे सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी सूक्ष्मजीवांनी सोडलेला प्राणवायू हवेत वाढला, त्याने मिथेन खाऊन टाकला, आणि कॅनडात ह्युरॉन सरोवराच्या परिसरात ज्याच्या खुणा आहेत ते प्रचंड हिमयुग ओढवले, असे अनेक अभ्यासक मानतात.