पबच्या कोपऱ्यातलं अद्भुत संगीत

एडिंबरातल्या क्राउन बार या पबमध्ये १९६५ साली रॉबिन विल्यमसन आणि क्लाइव्ह पामर ही जोडी लोकसंगीत सादर करत असे. अमेरिकन निर्माता जो बॉइड यानं त्यांना तिथेच ऐकलं आणि तो भारावला. पुढे माइक हेरॉन येऊन मिळाला आणि ‘इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड’ उभा राहिला.

पहिली तबकडी १९६६ची. मग विल्यमसन मोरोक्कोला गेला आणि येताना तिथली वाद्यं घेऊन आला. १९६७च्या तबकडीत त्यांतलं गिम्ब्री हे तंतुवाद्य आहे, शिवाय सतार आणि तंबोराही! स्कॉटिश-आयरिश चाली, लांबत जाणारे सूर, मध्येच वळण घेणारी लय: सायकेडेलिक फोक म्हणतात ते हेच.

असं संगीत लहान जागेतच खुलतं. वादक हाताच्या अंतरावर असतो. तो वाद्य बदलतो, तारा जुळवतो, तेही दिसतं. घरगुती बैठकीत रमणाऱ्या मराठी रसिकाला तिथे मुळीच परकं वाटू नये. हाच बँड १९६९ साली वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या अफाट गर्दीपुढे मात्र फिका पडला.

त्यांची १९६८ची ‘द हँगमन्स ब्युटिफुल डॉटर’ ही तबकडी ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोचली होती. नव्या श्रोत्यानं तिथून सुरुवात करावी.